एचआरच्या खुर्चीत बसलेला नवा मुकादम

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही कामगार संहिता देशभर लागू केल्या. तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला आता कपात करायला किंवा टाळे ठोकायला सरकारची परवानगी लागत नाही. पूर्वी ही मर्यादा शंभरची होती. कामगार संघटनांनी त्याचा निषेध केला, वर्तमानपत्रांचे रकाने भरले, चॅनेलवर चर्चा झडल्या. पण या सगळ्या गदारोळात एका खुर्चीकडे कुणाचेच लक्ष गेले नाही. मालकाची खुर्ची नव्हे, मंत्र्याचीही नव्हे. ती खुर्ची आहे कंपनीच्या एचआर प्रमुखाची! या संहितांनी सर्वात जास्त ताकद दिली असेल तर ती तिला. आणि आमच्या समाजातल्या शिकलेल्या पोरांचे नशीब आज मंत्रालयापेक्षा या खुर्चीपुढे जास्त ठरते आहे, हे चळवळीने अजून नीट ओळखलेले नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या ऑफिसात एक मुलगा आला. मराठवाड्यातला. वडील नगरपालिकेत सफाई कामगार, आई अंगणवाडीत. पोराने पुण्यात राहून एमबीए केले, तेही एचआर विषयातच. एका मोठ्या कंपनीत चार फेऱ्या पार केल्या. लेखी परीक्षा झाली, गटचर्चा झाली, विषयाची मुलाखत उत्तम झाली. शेवटची फेरी एचआरची. तिथे हसतमुख बाईंनी विचारले, घरची पार्श्वभूमी सांगा. वडील काय करतात? पोराने खरे ते सांगितले. मग आडनावाचा उगम, मग गाव, मग सुट्टीत घरी काय करता. दहा मिनिटांत चहा देऊन निरोप. आठ दिवसांनी ईमेल आला की तुमची गुणवत्ता चांगली आहे, पण आमच्या संस्थेच्या संस्कृतीशी आपले जुळेल असे वाटत नाही.

"सर, यावर केस होईल का?" त्याने विचारले. माझ्या उत्तराकडे मी नंतर येतो, कारण त्या उत्तरातच या लेखाचे सगळे दुखणे आहे.

आधी ही खुर्ची आली कुठून ते पाहू. मुंबईच्या गिरण्यांत कामगार भरतीचा अधिकार जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हाती होता. मुकादम आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस आत घ्यायचा, दस्तुरी खायचा, मर्जी गेली की घरी पाठवायचा. आमची माणसे गिरणीत होती, पण विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. का? तर धोट्यातल्या कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. जास्त पगार होता तो नेमका त्याच खात्यात! १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उघडपणे मांडला. वर्गलढ्याच्या गप्पा मारणाऱ्यांना तो अडचणीचा वाटला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले, हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याच भाषणात आमचा माणूस रेल्वेत गँगमनच्या वर का जात नाही याची चिरफाड होती, ती मात्र फार थोडे वाचतात. ती वाचा. आज ज्याला एचआर म्हणतात त्याचीच ती चिकित्सा आहे. माणूस कोण घेतो, कुठे ठेवतो, वर कोणाला चढवतो?

मुकादमाच्या या सत्तेवर पहिला घाव घातला तो रॉयल कमिशन ऑन लेबरने. १९३१ च्या अहवालात कमिशनने सांगितले की भरती जॉबरच्या हातून काढून घ्या आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा. म्हणजे आजच्या एचआर खात्याचा पूर्वज जन्माला आला तो मुकादमाला हटवण्यासाठी. पुढे जुलै १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात दोन गोष्टी झाल्या. कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. आणि एप्रिल १९४६ मध्ये स्थायी आदेशांचा कायदा झाला. पहिली गोष्ट आपण जयंतीच्या भाषणात सांगतो, दुसरी विसरतो. स्थायी आदेश म्हणजे काय? मालकाने नोकरीच्या अटी, शिक्षेचे नियम, काढून टाकण्याची पद्धत हे सगळे लिहून काढायचे, कामगारांचे म्हणणे ऐकून सरकारी अधिकाऱ्याने ते प्रमाणित करायचे, आणि मग ते मालकावरही बंधनकारक. मालकाची लहर कागदावर आणून तिला कायद्याच्या दावणीला बांधणारा हा कायदा होता. पाठोपाठ १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४९ ने पाचशे वा अधिक कामगार असतील तिथे वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा केला. त्याची पात्रता आणि कामे सरकारी नियमांत लिहिलेली. पगार मालकाचा, पण कर्तव्य कायद्याने ठरवलेले! हा अधिकारी फार शूर होता असे मी म्हणत नाही. बहुतेक मालकाचेच मीठ खात होते. पण कामगार त्याच्यापुढे नियम ठेवून उभा राहू शकत होता.

मग नावे बदलत गेली. वेल्फेअर ऑफिसरचा पर्सोनेल मॅनेजर झाला. १९७४-७५ च्या सुमारास उदय पारीक आणि टी. व्ही. राव या दोन अभ्यासकांच्या सल्ल्याने लार्सन अँड टुब्रोत मनुष्यबळ विकासाचे वेगळे खाते उभे राहिले, आणि तो शब्द देशभर पसरला. इतका की १९८५ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याचेच नाव मनुष्यबळ विकास मंत्रालय झाले. ते २०२० मध्ये पुन्हा शिक्षण मंत्रालय झाले. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या डेव्ह उलरिच या प्राध्यापकाने पुस्तक लिहून सांगितले की एचआरच्या भूमिका चार आहेत. धंद्याच्या धोरणात भागीदार होणे, बदल घडवून आणणे, कारभार चोख ठेवणे आणि कर्मचाऱ्याची बाजू धरणे. आमच्याकडच्या मॅनेजमेंट कॉलेजांत हा चौकोन गेली पंचवीसेक वर्षे घोकला जातो. पण प्रत्यक्षात पहिला कोपरा फुगत गेला आणि चौथा गळून पडला. एचआर प्रमुख संचालक मंडळाच्या खोलीत जाऊन बसला. कोणता प्रकल्प कुठे उघडायचा, किती माणसे कायम आणि किती कंत्राटी, कोणते काम बाहेर द्यायचे, कोणत्या कॉलेजात भरतीला जायचे आणि कोणत्या कॉलेजच्या फाटकावरूनही जायचे नाही, हे तो ठरवू लागला. मॅनेजमेंटच्या भाषेत याला स्ट्रॅटेजिक भूमिका म्हणतात. मी वकील माणूस, माझ्या भाषेत सांगतो. पूर्वी हा अधिकारी कायद्याला उत्तर देत होता, आता तो फक्त नफ्याला उत्तर देतो.

नव्या संहितेने स्थायी आदेशांची मर्यादाही तीनशेवर नेली आहे. केंद्रीय कायद्यात ती शंभर होती. म्हणजे अडीचशे माणसांच्या कंपनीत आता प्रमाणित स्थायी आदेशांचे बंधन नाही. मग काय आहे? एचआर पॉलिसी! ती लिहिणार एचआर, बदलणार एचआर, तिचा अर्थ लावणार एचआर, आणि तक्रार ऐकणारही एचआर. कायदेमंडळ, सरकार आणि कोर्ट एकाच टेबलावर. संहितेने ठरावीक मुदतीच्या नोकरीलाही सर्वत्र मान्यता दिली. मुदत संपली की नूतनीकरण करायचे की नाही, याचे कारण कुणाला देण्याची गरज नाही. मुकादम तरी शिवी देऊन काढत होता, कारण कळत होते!

आता गुणवत्तेकडे येऊ. आरक्षणाचा विषय निघाला की उद्योगपती म्हणतात, आम्ही फक्त मेरिट पाहतो. ठीक. २००७ मध्ये डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी हे मेरिट तपासले. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फक्त नावे वेगळी; काही उच्चवर्णीय, काही दलित, काही मुस्लिम वाटतील अशी. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश निघाले, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. इथे मुलाखत झालेली नाही, माणूस समोर आलेला नाही. फक्त नाव वाचले गेले आहे. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या मोठ्या कंपन्यांच्या २५ एचआर मॅनेजरांशी बोलून लिहिले. सगळे जण मेरिटची शपथ घेतात आणि सगळे जण घरची पार्श्वभूमी विचारतात. त्यांच्या मते चांगल्या घरातून चांगला कर्मचारी येतो. माझ्या ऑफिसात आलेल्या पोराला विचारलेला प्रश्न त्या बाईंनी स्वतः शोधलेला नव्हता. तो त्यांच्या धंद्याचा रिवाज आहे. आणि वर कोण बसले आहे? २०१२ मध्ये देशातल्या एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ हजारांहून अधिक संचालकांपैकी ९२.६ टक्के उच्च जातींचे, ओबीसी ३.८ टक्के, अनुसूचित जाती-जमाती मिळून ३.५ टक्के. स्ट्रॅटेजी ठरते ती या टेबलावर.

मग आमची माणसे कंपनीत नाहीतच का? आहेत की. सकाळी सहाला जाऊन काचा पुसणारे, संडास धुणारे, कँटीनमध्ये भांडी घासणारे, फाटकावर उभे राहणारे कोण आहेत ते पाहा. पण एचआरच्या यादीत ते कर्मचारी म्हणून नाहीत. त्यांची भरती ठेकेदार करतो, त्यांचा पगार कंपनीच्या हिशेबात सेवा खरेदीच्या बिलात जातो, फिनाइलच्या डब्यांशेजारी. मनुष्यबळाच्या या शास्त्रात ही माणसे मनुष्यबळात धरलेलीच नाहीत! ऑगस्ट २००१ मध्ये स्टील अ‍ॅथॉरिटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले की कंत्राटी पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत. १९९६ च्या एअर इंडिया निकालाने उघडलेले दार बंद झाले. नव्या संहितेने त्यावर कडी केली. मुख्य कामात कंत्राटी कामगार लावू नये असे म्हटले, आणि लगेच व्याख्येतून सफाई, पहारा, कँटीन, हमाली, बागकाम ही कामे वगळली. ज्या आस्थापनेचा धंदाच ते काम आहे तेवढी सोडून. आमच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या आलेली कामे एकेक निवडून, संसदेत बसून, मुख्य नाहीत असे लिहिले गेले. वर ठेकेदाराला कायदा लागू होण्याची मर्यादा वीस कामगारांवरून पन्नासवर गेली.

सरकार स्वतः तरी वेगळे कुठे वागते? २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला, ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो रद्द केला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रातल्या ४५ वरिष्ठ पदांसाठी थेट भरतीची जाहिरात आली, आरक्षणाशिवाय. तीन दिवसांत मागे घ्यावी लागली. आणि जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया विकली गेली तेव्हा तिच्याबरोबर तिची बिंदुनामावलीही गेली, तिच्यासाठी कुणी ओरडलेही नाही.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे. केस होईल का? कायदा अजिबात नाही असे नाही. संविधानाचे कलम १६ राज्यसंस्थेला बांधते, खासगी मालकाला नाही, हे खरे. पण १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून नोकरीत अडथळा आणणे हा गुन्हा आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम ३(१)(झेडए) आले, त्यातही नोकरीचा उल्लेख आहे. आमच्यातल्या कित्येक वकिलांनी हे कलम या कामासाठी उघडूनही पाहिलेले नाही, मीही त्यातलाच एक होतो. पण पुरावा कुठला आणणार? सरकारी नोकरीत अन्याय झाला तर गुणवत्ता यादी असते, बिंदुनामावली असते, माहिती अधिकार असतो, कागद बोलतो. इथे कागद एकच, "आपले जुळेल असे वाटत नाही." मी त्या पोराला खरे सांगितले, की नोटीस देऊ, पण आज या ईमेलवर फौजदारी उभी राहणार नाही. तो म्हणाला, "मग सर, त्यांनी किती जणांना घेतले, त्यात आपले किती, हे तरी विचारता येईल?"

मला वाटते चळवळीने विचारायचा नेमका प्रश्न हाच आहे. आपण वीस वर्षे खासगी क्षेत्रात आरक्षण एवढी एकच मागणी करत आलो. २००४ च्या किमान समान कार्यक्रमात ती चर्चेपुरती आली, २००६ मध्ये उद्योग संघटनांनी स्वेच्छेची आचारसंहिता पुढे करून तिला थंड केले. मागणी सोडा असे मी म्हणत नाही. पण आधी मोजणी मागा. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने मोठ्या पहिल्या हजार कंपन्यांना एक अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात कर्मचाऱ्यांत स्त्रिया किती, दिव्यांग किती, हे द्यावे लागते. जात विचारलेली नाही. म्हणून एचआरवाले स्त्रियांचे आकडे वाढवण्यासाठी धडपडतात आणि आमच्याबद्दल बोलत नाहीत. त्यांच्या मनात द्वेष असेलच असे नव्हे, त्यांना कुणी हिशेब मागितलेलाच नाही. उत्तर आयर्लंडमध्ये १९८९ पासून कायदा आहे. आज तिथे दहापेक्षा जास्त नोकर असलेल्या प्रत्येक मालकाला आपल्याकडे कॅथलिक किती, प्रोटेस्टंट किती, हे दरवर्षी समता आयोगाला कळवावे लागते. तिथेही मुलाखतीत शाळेचे नाव विचारून धर्म ओळखत असत. आमच्या आडनावासारखेच!

एचआर बदलत नाही असे कुणी सांगू नये. आज प्रत्येक कंपनीत लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती एचआर चालवते, तिचे वर्ग घेते, फलक लावते. ते कुठून आले? राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी या कुंभार जातीच्या बाईवर १९९२ मध्ये अत्याचार झाला, त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला, त्यातून २०१३ चा कायदा. वातानुकूलित ऑफिसातल्या बाईला मिळालेले संरक्षण एका बहुजन बाईच्या लढ्याचे देणे आहे, पण त्या समितीपुढे जातीची तक्रार नेता येत नाही. अमेरिकेत जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला. पीडित अभियंत्याने तक्रार केली तेव्हा जातिभेद बेकायदेशीर नाही असे कंपनीतून सांगण्यात आले, असे त्या दाव्यात नमूद आहे. दोन अधिकाऱ्यांविरुद्धचा भाग २०२३ मध्ये मागे घेतला गेला, कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी जातिविरोधी विधेयकही त्याच वर्षी नाकारले. पण दरम्यान अ‍ॅपलसारख्या कंपनीने आपल्या नियमांत जात हा शब्द घातला, सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये कायदा केला. तिथल्या आंबेडकरवाद्यांनी हे मूठभर असताना करून दाखवले. इथे हिंजवडी आणि ऐरोलीत आमची हजारो पोरे आहेत. बँकेत, रेल्वेत, विमा कंपनीत मागासवर्गीय कर्मचारी संघटना आहेत. या पोरांची एकही नाही. १४ एप्रिलला वैयक्तिक रजा टाकून, आजारी असल्याचे सांगून, ती जयंतीला येतात. दोष त्यांचा नाही. आम्ही त्यांच्याकडे वर्गणी मागायला जातो, त्यांची गाऱ्हाणी ऐकायला जात नाही.

आणि महाराष्ट्रात तर एक हत्यार घरातच गंजत पडले आहे. राज्याचा २००१ चा आरक्षण कायदा २९ जानेवारी २००४ पासून अंमलात आहे. त्यातल्या पदोन्नतीच्या कलमावर झालेले कोर्टकज्जे आपल्याला पाठ आहेत. पण त्याच कायद्यात आस्थापनेच्या व्याख्येखाली एक स्पष्टीकरण आहे. शासनाने सवलतीच्या दराने जमीन किंवा इतर आर्थिक सवलत दिलेल्या संस्था आणि उद्योग शासकीय अनुदानित संस्थांत मोडतील, असे ते सांगते. औद्योगिक वसाहतीत स्वस्तात भूखंड घेऊन उभ्या राहिलेल्या किती कंपन्यांच्या एचआरने हे वाक्य वाचले आहे? आणि आमच्या किती आमदारांनी? ते खासगी उद्योगाला किती दूरवर बांधते यावर कोर्टात वाद होईल, होऊ द्या. वाद होण्यासाठी तरी कुणी ते वाक्य घेऊन कोर्टात गेले पाहिजे.

त्या पोराला दुसरीकडे नोकरी लागली आहे, छोट्या कंपनीत, एचआरमध्येच. रविवारी तो माझ्या ऑफिसात येतो. आम्ही दोघांनी मिळून एका शासकीय कार्यालयाकडे माहितीचा अर्ज केला. गेल्या दहा वर्षांत कोणत्या उद्योगांना सवलतीच्या दराने जमीन दिली आणि त्यांच्याकडून या कायद्याखालची आरक्षणाची माहिती कधी मागवली का, एवढेच विचारले. प्रश्न त्यानेच लिहिले, माझ्यापेक्षा नेमके. उत्तर आले की पहिल्या भागाची माहिती संकेतस्थळावर पाहावी, दुसऱ्या भागाची माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही. पहिले अपील दाखल केले आहे.